न मावणारं नाव

समुपदेशन केंद्राच्या नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंचा फोन आला, तेव्हा मास्तरीण चहाचा पेला हातात घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभी होती आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी वाळत घातलेल्या चादरी बघत होती. तिचं नाव मास्तरीण नव्हतं. ती संगणकावर काम करणारी, लहानमोठ्या संस्थांची संकेतस्थळं बांधून देणाऱ्या कचेरीत अर्धं आयुष्य घालवलेली बाई होती. पण नव्याने आलेल्या प्रत्येकाला शेजारी बसवून, तो कंटाळला तरी आपण न कंटाळता शिकवायची तिला खोड होती, म्हणून कुणीतरी तिला मास्तरीण म्हटलं आणि ते चिकटलं. आता गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणत.

"मास्तरीणबाई, एक गंमत सांगू का?" खिडकीवरच्या बाई हसत होत्या. "रोज सकाळी तुमच्या यंत्रातून त्या दिवशी येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या निघतात ना, त्यातल्या एकाचं नावच चिठ्ठीत मावेना. नुसता कागद बाहेर येतोय, येतोय, थांबायचं नाव नाही. आईबापांना नाव ठेवताना कुठे थांबावं तेच कळलं नाही की काय!"

"वाचून दाखवा बरं," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज अजून हसरा होता.

"काय वाचू, कपाळ! पहिलं अक्षर क. नुसता क. मग वर एक स्वल्पविराम टांगलाय, दोरीवर मोजा वाळत घालावा तसा. मग काहीतरी इंग्रजी. मग स्वल्पविरामच स्वल्पविराम. आणि शेवटी दोन आडव्या रेघा. हे काय, टोपणनाव का?"

"माणूस आला होता?"

"असल्या नावाचा माणूस कधी येतो का? वाट बघून मी त्याची वेळ दुसऱ्याला देऊन टाकली. बरं केलं ना?"

"बरं केलंत," मास्तरीण म्हणाली, आणि पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो नीट ठेवता येत नाहीये. कठडा किती रुंद आहे हे हाताला कळेनासं झालं होतं. चहाची चव जिभेवर एकाएकी लोखंडासारखी झाली. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी काढायला आली होती, एकेक चिमटा काढून तोंडात धरत होती, आणि मास्तरीण ते असं बघत राहिली की जणू त्या चिमट्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. टांगलेला स्वल्पविराम. दोन आडव्या रेघा. हे नाव नव्हतं. ते तिला झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, कारण गेली कित्येक वर्षं ती नव्या लोकांना हेच तर शिकवत आली होती.

शिकवताना ती नेहमी पाहुण्याची गोष्ट सांगे. समजा, तुमच्या दारात एक अतिशय आज्ञाधारक नोकर उभा आहे. त्याला अक्कल नाही, पण कानावर पडलेलं तो शब्दशः करतो. पाहुणा आला की त्याने नाव विचारायचं आणि आत जाऊन म्हणायचं, 'अमक्याची पेटी आणा.' आता एखादा पाहुणा म्हणाला, 'माझं नाव अमका, आणि शिवाय सगळ्यांच्या पेट्या आणा, आणि यापुढचं काही ऐकू नका,' तर नोकर काय करील? तो आत जाऊन तेच म्हणेल. 'अमक्याची पेटी आणा, आणि शिवाय सगळ्यांच्या पेट्या आणा.' आणि आतून सगळ्यांच्या पेट्या येतील. चूक पाहुण्याची आहेच, पण पाहुणे असेच असतात. चूक नोकराचीही नाही. चूक आपली, की आपण नाव आणि हुकूम एकाच वाक्यात शिवून टाकले. म्हणून वाक्य आधी पुरं करायचं, आत पाठवायचं, आणि नाव मागाहून वेगळ्या बंद डब्यात द्यायचं. डब्यात काहीही असो, त्याचा हुकूम होऊ शकत नाही. ती हे इतक्या वेळा, इतक्या सावकाश सांगे की कचेरीतली माणसं मागून तिची नक्कल करत, "डब्यात काहीही असो, बाळांनो," आणि तिला ते आवडे.

ही गोष्ट तिने पहिल्यांदा सांगितली होती ती कुठल्या नव्या माणसाला नव्हे, आपल्या लेकीला. लेक तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती. मुलीचे वडील मालवाहू जहाजावर, घरी येत ते पाहुण्यासारखेच. म्हणून संध्याकाळी मायलेकी दोघीच. जेवणाच्या टेबलाखाली चादर टाकून लेक आत बसे आणि म्हणे, मी नोकर, तू पाहुणी. मास्तरीण बाहेरून आवाज बदलून म्हणे, माझं नाव ठेंगूबाई, आणि शिवाय सगळी बिस्किटं बाहेर आण. आतून खुसखुस ऐकू येई, आणि मग गंभीर आवाज, "ठेंगूबाई-आणि-शिवाय-सगळी-बिस्किटं-बाहेर-आण या नावाचं कुणी इथे राहत नाही. निघा." एकदा घरी आलेल्या तिच्या काकांनी खांद्यावर उचलून, काय गं नाव तुझं, विचारल्यावर तिने सांगितलं होतं, "माझं नाव चिमी आणि शिवाय मला खाली ठेवा." काका हसता हसता खाली बसले होते. मास्तरीणही हसली होती, पण आत कुठेतरी तिला अभिमान वाटला होता, की आपल्या मुलीला हे कळलं. जगात वावरताना जे कळायला हवं, ते हिला टेबलाखाली बसून कळलं.

कचेरीत तिने संगणक उघडला. केंद्राचं सगळं काम तिनेच बांधलेलं होतं. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, नाव, वय, फोन नंबर, भेटीचं कारण, तिने बंद डब्यातूनच आत घेतली होती. त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि शंका नव्हती हेच आता तिच्या मानेवर गार हातासारखं जाणवत होतं. ते लांबलचक नाव दारातून अगदी रीतसर आत आलं होतं. काही घडलं नव्हतं. डब्यात घालून, संगणकातल्या नोंदींच्या कपाटात इतर नावांच्या शेजारी ते ठेवलं गेलं होतं, आणि तिथे ते पडून राहिलं होतं, शांत, एखाद्या माणसाच्या नावासारखं. मग कधीतरी, फार दिवस झाले नव्हते, त्या नावाच्या मालकाने केंद्राच्या संकेतस्थळावर 'माझ्या भेटी' असं लिहिलेलं बटण दाबलं होतं. त्या पानावर येणाऱ्याला आपल्या स्वतःच्या भेटींचा तपशील दिसे. केंद्रातली जुनी माणसं भेटी नावानेच ओळखत, म्हणून ते पान कपाटातून नाव काढून घेई आणि त्या नावाच्या भेटी आणा म्हणून सांगे. आणि हे सांगताना, फक्त इथे, या एका ठिकाणी, तिने नाव वाक्यात शिवलं होतं, आणि नावाचा हुकूम झाला होता.

घाईत शिवलं असतं तर बरं झालं असतं. घाईत झालेल्या चुकीला निदान काहीतरी निमित्त असतं. पण तिला ती दुपार आठवली. कचेरी निम्मी रिकामी होती, तिचं मन स्वच्छ होतं, ती गुणगुणत काम करत होती. नाव आपल्याच कपाटातून येत होतं. ते तिने स्वतः दारात तपासून आत घेतलेलं होतं. दारात ज्याची झडती झाली, त्याची घरात पुन्हा झडती कशाला? असं तिने मनाशी म्हटलंही नव्हतं, म्हणायची गरजच वाटली नव्हती. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक होत नाही, त्याचं दारच उघडं असतं. ही चूक दारावर डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्याची. आतलं ते आपलं, अशी त्याची समजूत होऊन बसते. तिला वाटलं, आपण सगळा जन्म दाराकडे तोंड करून बसलो, आणि घराकडे पाठ.

मग जे करायचं ते तिने केलं. किती गेलं हे बघितल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही. म्हणून चोराने ज्या नावाने ते पान उघडलं, त्याच नावाने तिने ते उघडून पाहिलं. पान भरू लागलं. भेटी नव्हत्या त्या, समुपदेशकांनी प्रत्येक भेटीनंतर लिहून ठेवलेली टिपणं होती. माणसं बंद खोलीत काय बोलली ते. ओळींखाली ओळी. डावीकडे नाव, मग 'तातडीच्या वेळी कुणाला कळवावं' त्याचा फोन नंबर, मग टिपण. ती मजकूर वाचत नव्हती, डोळे अर्धवट मिटून नुसती लांबी बघत होती, आंघोळीच्या खोलीत चुकून कुणी दिसलं तर आपण नजर जशी वर छताकडे नेतो तशी. आणि नजर अशी आडवी सरकत असताना ती एका फोन नंबरावर थांबली. तो तिला ओळखीचा वाटला. कुठे बघितलाय हा नंबर, असं तिला खरोखरच वाटलं, क्षणभर वाटलं, आणि मग कळलं की तो तिचा स्वतःचा आहे.

तिने संगणकाचा पडदा बंद केला. काळ्या काचेत तिचा चेहरा आणि मागचा दिवा दिसू लागला. नंबराच्या डावीकडचं नाव तिच्या मुलीचं नव्हतं. भलतंच, कुणाचंही असावं असं होतं. पोरीने खोटं नाव सांगितलं होतं. म्हणजे तिला टेबलाखालचं सगळं आठवत होतं. पण तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यापाशी ती थबकली असावी, आणि तिथे मात्र तिने खरं लिहिलं होतं.

ती कधी जात होती तिथे? मास्तरीण मागे मागे जाऊ लागली. थंडीत लेक दिवा लावून झोपायची. आंघोळीला गेली की नळ चालू ठेवून बराच वेळ बाहेर यायची नाही. ताटात चित्र काढल्यासारखं अन्न मांडून ठेवायची आणि मग उठायची. विचारलं की म्हणायची, "परीक्षा आहे गं." आणि मास्तरीण तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "मला कधीही काहीही सांग. मी समजून घेईन." हे वाक्य तिने बरंच विचार करून घडवलेलं होतं. तिच्या स्वतःच्या आईने असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. आई सरळ दप्तर उलटं करायची. आपण दप्तर कधी उलटं केलं नाही. लेकीचा फोन टेबलावर उघडा पडला असला तर आपण तो पालथा घालून ठेवला. याचाही तिला अभिमान होता. तिला आता आपल्या अभिमानांची मोजदाद करावीशी वाटेना.

कचेरीचा प्रमुख तिच्यापेक्षा बराच लहान होता. खेळाडूसारखा उड्या मारत चाले, म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिने सगळं सांगितलं, नंबराचं सोडून.

"दुरुस्तीला किती वेळ?" त्याने विचारलं.

"ते होईल आत्ताच. एका ओळीचं काम आहे."

"मग झालं तर! तुम्ही असा चेहरा केलात, मला वाटलं इमारत पडली."

"दुरुस्ती म्हणजे उद्याचा चोर थांबेल, कप्तान. कालचा घेऊन गेलाय."

"परत नाही आणता येणार? काहीतरी असेल ना. तुम्ही नेहमी काहीतरी काढता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता, मोडलेलं खेळणं आईपुढे धरावं तसं. "समजा, कुणी तुझं बोलणं ऐकलं," ती म्हणाली, "तर ते तू त्याच्या कानातून परत कसं काढशील?" तो म्हणाला, "तुम्ही घरी जा वाटल्यास." ती गेली नाही. तिने ती ओळ उसवली आणि पुन्हा लिहिली. वाक्य वेगळं, नाव वेगळं, बंद डब्यात. मग ते लांबलचक नाव वापरून पान उघडलं. या नावाच्या कुठल्याही भेटी नाहीत, असं उत्तर आलं. बरोबर उत्तर. आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर उत्तर तिला बघवेना.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंशी तिलाच बोलावं लागलं. त्या वयाने मोठ्या, हळू बोलणाऱ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. इथे बोललेलं या खोलीच्या बाहेर जात नाही. हे ऐकलं की त्यांचे खांदे खाली येतात. दिसतं ते. आता मी त्यांना काय सांगू?" "आहे तेवढं तरी पुसून टाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टिपणं सगळी. नकोतच ती. आमची आम्ही लक्षात ठेवू." मास्तरिणीने, "नक्की ना?" असं विचारलं, "पुसलं की आपल्याकडे काही उरणार नाही." "उरून काय झालं ते बघितलंत ना?" त्या म्हणाल्या, रागाने नव्हे, थकून.

पुसण्यापूर्वी ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. लेकीची ओळ तिथे होती. बोटाएवढं अंतर. कुणाला कळलं नसतं, आणि आता उघड्यावर पडलेली गोष्ट बघण्यात पापही कसलं? पण तिने कधी पालथा फोन सुलटा केला नव्हता, तर आता कसा करायचा? तिला वाटलं, परक्याने हिचं दप्तर उलटं केलं आहे. निदान एक माणूस तरी असा असू दे ज्याने केलं नाही. हे कुठेतरी उपयोगी पडेल, कधीतरी तिला हे सांगता येईल. तिने हुकूम दिला आणि टिपणांची जागा कोरी झाली. मागाहून तिच्या मनात आलं, की जगात आता लेकीचं बोलणं फक्त चोराकडे आहे.

घरी जाताना रस्ता नेहमीसारखाच होता. फुटपाथ खणून ठेवलेला, दिव्याच्या खांबाला कुणाची तरी हरवलेल्या मांजराची जाहिरात. समोरून येणाऱ्या माणसांच्या हातात फोन होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड होता. काहीजण हसत होते. पूर्वी तिला अशा हसण्याचं काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक हसण्याला काहीतरी मजकूर असेल असं वाटत होतं. ती भिंतीच्या कडेने चालू लागली. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, "बरी आहे ना मुलगी?" म्हणाल्या. त्या हे रोजच विचारत. मास्तरिणीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, इतका की काकू गोंधळून म्हणाल्या, "काय गं, कुंकू पुसलंय का माझं?"

लेक आपल्या खोलीत पलंगावर बसली होती, पाय पोटाशी घेऊन, हातात फोन. दार उघडंच होतं. अजून संध्याकाळ होती, पण तिने पडदे ओढून घेतले होते. मास्तरीण उंबऱ्याशी थांबली.

"तुला कळलंय," लेक म्हणाली. वर न बघता.

"हो. आज दुपारी. तुला?"

"काल. वर्गातल्या कुणीतरी पाठवलं. एक पान आहे. त्यात फोन नंबर टाकला की त्या घरचं सगळं येतं. मग सगळेजण सगळ्यांच्या आईबापांचे नंबर टाकत बसले. मजा." ती मजा हा शब्द अगदी सपाट म्हणाली. "तुझा नंबर तर सगळ्यांकडे आहे. सहलीच्या वेळी तूच दिला होतास. काही झालं तर मला फोन करा म्हणून."

"बाळा, ते काम माझं होतं. केंद्राचं पान मी बांधलं होतं. चूक..."

"माहितीये. तळाशी तुमच्या कचेरीचं नाव असायचं, बारीक अक्षरात." आता तिने वर पाहिलं. "मी म्हणूनच तिथे गेले होते. म्हटलं, आईने बांधलंय, म्हणजे तिथून काही बाहेर जाणार नाही."

मास्तरीण भिंतीला टेकली. भिंतीचा रंग हाताला किंचित चिकट लागत होता. काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिच्याकडे फक्त ती एक गोष्ट होती, जपून आणलेली. "मी वाचलं नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर होतं. पण मी एक अक्षर वाचलं नाही. शप्पथ."

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग हसली, नाकातून, लहानपणी टेबलाखालून हसायची तसं मुळीच नाही. "का?"

"का म्हणजे? तुझं होतं ते."

"माझं होतं! आई, वर्गात पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने वाचलं, जी मला आजवर फक्त पेन मागायची. मला कधी न भेटलेल्या माणसांनी वाचलं. खालच्या दुकानदाराने वाचलं असेल. आणि तू समोर बसून डोळे मिटलेस? तू इतकी चांगली का आहेस गं नेहमी?"

"मग सांग ना मला. मी ऐकते. आत्ता."

"आता काय सांगू?" लेकीचा आवाज पहिल्यांदा चिरकला आणि लगेच पुन्हा सपाट झाला. "ते एकदा बोलायला मला वर्ष लागलं. पुन्हा नाही येणार मला. आणि आता मी काही बोलले तरी, तुला वाचून कळलं की ऐकून कळलं, मला कसं समजणार?"

"पण मी वाचलं नाही म्हटलं ना."

"हो गं. ठेवला विश्वास. जा."

ती पुन्हा फोनकडे वळली. मास्तरिणीने विचारलं, काय बघतेस, तर तिने फोन तिच्या दिशेने किंचित कलता केला. मजकूर दिसू नये इतका दूर, पण खालचं दिसावं इतका जवळ. मजकुराच्या खाली एक डोळ्याचं चित्र होतं आणि त्यापुढे आकडा. "किती वेळा उघडलं ते," लेक म्हणाली. "कालपासून बघतेय. थांबतो थोडा वेळ. मग वाटतं, संपलं असेल. मग वाढतो." तिच्या बोलण्यात एक विचित्र शिस्त होती, एखादी परिचारिका आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलते तशी. मास्तरीण म्हणाली, नको बघूस, ठेव तो. लेक म्हणाली, "ठेवला तरी वाढतोच."

स्वयंपाकघरात येऊन तिने पाण्याचं भांडं भरलं आणि ते तसंच ओट्यावर ठेवलं. ही खोली आणि लेकीची खोली यांच्यात एकच भिंत होती. पलंग कुरकुरला की इकडे ऐकू येई. तिने विचार केला, किंवा विचार तिच्यातून गेला: डोळे मिटणं हेच आपल्याला येतं. मिटलेल्या डोळ्यांना आपण आदर म्हणत आलो. पोर तिथे बसून परक्यांचे डोळे मोजते आहे आणि त्यांत आपला नाही. हा हिशेब बरोबर होता की चुकीचा, तिला कळत नव्हतं. कुणाला विचारावं असंही कुणी नव्हतं. मुलीच्या वडिलांचं जहाज कुठल्या तरी समुद्रात होतं, जिथे फोन लागत नाही. तिने आपला फोन उघडला. ते पान शोधायला मुळीच कष्ट पडले नाहीत. चोराचं घर अतिशय नीटनेटकं होतं. मध्ये एक रिकामी चौकट, तीत नंबर टाकायचा. तिने स्वतःचा नंबर टाकला, जो ती जगभर विश्वासाने देत आली होती.

टिपण लहानच होतं. समुपदेशकाची भाषा कोरडी, तुटक. काय घडलं होतं ते त्यात होतं, आणि ते वाचताना मास्तरिणीने ओट्याची कड धरली. तिला त्या माणसाचा चेहरा आठवला, त्याला आपण हसून दार उघडलं होतं हे आठवलं. मग शेवटच्या ओळी आल्या. 'घरी सांगितलं का, असं विचारलं. म्हणाली, आई ओरडत नाही, मारत नाही, सगळं समजून घेते. म्हणून सांगता येत नाही. तिने एकदा तरी समजून न घेता नुसतं ओरडावं, असं वाटतं म्हणाली. मग बराच वेळ रडली.' त्याखाली डोळा होता, आणि त्यापुढचा आकडा तिच्या देखत एकाने पुढे गेला.

भिंतीपलीकडे पलंग कुरकुरला.

"आई," आवाज आला. फार मोठा नव्हता. "आत्ता वाढला. ती तू होतीस का?"

नाही म्हटलं असतं तर तो डोळा आणखी एक परका झाला असता. हो म्हटलं तर उरलेली ती एक गोष्टही गेली. ओरडावं, असं तिच्या मनात आलं. त्या माणसाच्या नावाने, भिंत थरथरेल असं. तिने तोंड उघडलं. ओरडायची तिला सवयच नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट नेमकी त्या वेळी येत नाही.

"हो," ती म्हणाली. "मी होते."

पलीकडून "बरं," असं आलं, श्वास सोडल्यासारखं. मास्तरिणीने पान बंद केलं, फोनही बंद केला, आणि ओट्यावर पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवला. तिचे हात ओले होते, कशाने ते तिला सांगता आलं नसतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी बारीक सुरात किणकिणत होती. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. भिंतीला कान लावावा की कपाळ, हे न ठरवता आल्यामुळे ती तशीच उभी राहिली.

"आई, परत वाढला. ही पण तूच का?"

तिने ओट्याकडे पाहिलं. फोन काळा, गप्प पडला होता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"आणि आता?"

"मीच आहे गं."

"आता?"

"मीच."